मदत हवी आहे: जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन तापल्यावर बंद पडते, डिझेल पंप उतरवावा की आधी टाकी तपासावी?

नमस्कार. माझ्याकडे १९६२ सालचा मॅसी फर्ग्युसन ३५ आहे. त्याला पर्किन्सचे तीन सिलिंडरचे ३.१५२ इंजिन आहे आणि डिझेल पंप सीएव्ही कंपनीचा, डीपीए पद्धतीचा (एकाच फिरत्या रोटरने सगळ्या सिलिंडरांना डिझेल वाटणारा) आहे. ही माहिती मी सुरुवातीलाच देत आहे, कारण हे मॉडेल १९५६ मध्ये आले तेव्हा त्याच्या डिझेल ट्रॅक्टरला स्टँडर्डचे चार सिलिंडरचे इंजिन होते आणि पर्किन्सचे इंजिन १९५९ पासून बसू लागले. एका अनुभवी गृहस्थांनी मला चारही हीटर प्लग (थंड इंजिन सुरू करताना सिलिंडर तापवणारे प्लग) तपासण्यास सांगितले होते. त्यांचा सल्ला त्यांच्या ट्रॅक्टरसाठी अगदी बरोबर असणार. माझ्या इंजिनाला मात्र हीटर प्लग नाहीतच, इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा आत नेणाऱ्या मार्गात) ती हवा तापवणारा एक थर्मोस्टार्ट आहे. त्यांच्याशी बोलण्यात दोन दिवस गेले आणि शेवटी लक्षात आले की आम्ही दोघे दोन वेगळ्या इंजिनांविषयी बोलत होतो.

अडचण अशी आहे. सकाळी इंजिन पहिल्या फटक्यात सुरू होते, मोकळे असताना तासन्‌तास एकसारखे चालते. नांगर लावल्यावर मात्र साधारण ३५ ते ४० मिनिटांनी ताकद हळूहळू उतरू लागते, रेस वाढवली तरी इंजिन उचल घेत नाही आणि शेवटी ते दम लागल्यासारखे बंद पडते. त्या वेळी काळा धूर येत नाही, पाण्याचे तापमान नेहमीइतकेच असते आणि तेलाचा दाबही पडत नाही. पंधरा-वीस मिनिटे थांबले की इंजिन पुन्हा सुरू होते आणि या वेळी त्याहून लवकर बंद पडते. दोन्ही डिझेल फिल्टर मी याच हंगामात बदलले आहेत.

मी ज्यांचा शब्द मानतो अशा दोन जाणकारांनी मला परस्परविरोधी सल्ले दिले आहेत. पहिल्यांच्या मते पंपाचे हेड आणि त्याच्या आत फिरणारा रोटर झिजले आहेत, त्यामुळे पंप लगेच उतरवून टेस्ट बेंचवर न्यावा. दुसऱ्यांच्या मते पंपाला हात लावण्याचे काहीच कारण नाही, डिझेल वाटेत कुठेतरी अडत आहे. दोघांनीही आयुष्यभर हेच काम केले आहे, त्यामुळे एकाचे ऐकणे म्हणजे दुसऱ्याला खोटे ठरवणे, असा अवघड प्रसंग माझ्यावर आला आहे.

माझी भीती पंपाविषयी आहे. या पंपात वेगळे वंगण नसते, त्यातून जाणारे डिझेलच त्याचे वंगण असते. हेड आणि रोटर ही एकमेकांना घासून जुळवलेली जोडी असते, त्यातला एकच भाग बदलता येत नाही. चांगला चालणारा पंप केवळ शंकेपोटी उघडला आणि आत कचरा गेला, तर आज नसलेला दोष मी स्वतःच्या हाताने निर्माण करीन. म्हणून विनंती आहे की सल्ला देताना आपण ते काम नेमक्या कोणत्या इंजिनावर केले आहे, निदान पडताळण्याची खूण कोणती आणि निदान चुकले तर काय बिघडेल, हेही कृपया लिहावे.

प्रतिसाद १

मी पंपाच्या बाजूचा आहे. आपल्या वर्णनातला महत्त्वाचा शब्द ‘तापल्यावर’ हा आहे. डिझेल गरम झाले की पातळ होते आणि झिजलेल्या रोटरच्या फटीतून आतल्या आत गळते, त्यामुळे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणाऱ्या नोझलपर्यंत पुरेसा दाब पोहोचत नाही. थंड झाल्यावर इंजिन पुन्हा सुरू होते, हेही याच्याशी जुळते. पडताळणी सोपी आहे: इंजिन बंद पडले की पंपावर थंड पाणी ओतावे आणि लगेच सेल्फ मारावा. सुरू झाले तर पंप झिजला आहे हे नक्की समजावे. शिवाय आजच्या कमी गंधकाच्या डिझेलमध्ये या जुन्या पंपांना पुरेसे वंगण मिळत नाही, त्यामुळे प्रत्येक टाकीत थोडे इंजिन ऑइल घालण्याची सवय ठेवावी.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादातला झिजलेल्या रोटरचा खुलासा योग्य आहे, पण पाणी ओतण्याच्या सल्ल्याला मी ठाम विरोध करतो. गरम पंपावर एकदम थंड पाणी पडले तर बाहेरचे हेड आधी आकुंचन पावते, आतला रोटर गरमच राहतो, आणि इतक्या सूक्ष्म फटीच्या जोडीत तो तिथेच धरला जाऊ शकतो. तपासायचेच असेल तर इंजिन बंद असताना ओले फडके ठेवावे आणि पंप सावकाश निवू द्यावा.

दुसरे असे की झिजलेला पंप मुख्यतः गरम इंजिन सुरू करताना त्रास देतो, कारण सेल्फवर इंजिन सावकाश फिरते आणि डिझेलला गळायला वेळ मिळतो. वेग वाढला की तेवढा वेळ मिळत नाही. चालू इंजिनाची ताकद लोडवर क्रमाक्रमाने उतरणे आणि धूर न येणे, यावरून मला डिझेल अपुरे पोहोचत असल्याची शंका अधिक येते. थांबल्यावर पुन्हा सुरू होण्याचा खुलासाही तसाच होतो: ओढीमुळे जाळीवर चिकटलेला कचरा ओढ थांबली की सुटतो, किंवा टाकीच्या झाकणाचे हवेचे छिद्र बुजले असेल तर आत तयार झालेली पोकळी तेवढ्या वेळात भरून निघते.

दोन्ही शक्यतांमध्ये निवाडा करणारी एक तपासणी आहे आणि ती इंजिन बंद पडल्या क्षणीच करावी लागते. आधी टाकीचे झाकण सैल करून हवा आत ओढल्याचा आवाज येतो का ते ऐकावे. मग फिल्टरवरचा हवा काढण्याचा स्क्रू सैल करून फीड पंपाची (टाकीतले डिझेल फिल्टरकडे ढकलणाऱ्या छोट्या पंपाची) हाताची कळ चालवावी. बुडबुड्यांशिवाय भरघोस डिझेल आले तर फिल्टरपर्यंतचा पुरवठा ठीक आहे आणि पंपाकडे संशयाने पाहावे. नुसते ठिबकले तर टाकीकडे वळावे. घरी आल्यावर फीड पंपाला येणारी नळी सोडून, टाकीचा नळ उघडून डिझेल स्वच्छ भांड्यात किमान दहा मिनिटे वाहू द्यावे. या ट्रॅक्टरची टाकी उंचावर असल्याने डिझेल आपोआप उतरते, आणि धार शेवटपर्यंत तेवढीच जाड राहिली पाहिजे. बहुतेक लोक अर्धा मिनिट धार पाहून नळ बंद करतात आणि तिथेच फसतात.

इंजिन ऑइल घालण्याविषयीही माझे मत वेगळे आहे. गंधक काढण्याच्या प्रक्रियेत डिझेलचा वंगणगुण कमी होतो हे खरे, पण तो भरून काढणारे द्रव्य विक्रीपूर्वीच मिसळलेले असते. युरोपीय मानक ईएन ५९० मध्ये गंधकाची मर्यादा प्रति दशलक्ष १० भाग आहे, आणि त्याच मानकात झिजेच्या चाचणीतील खुणेसाठी (खूण जितकी लहान तितके वंगण चांगले) ४६० मायक्रॉनची कमाल मर्यादाही घातलेली आहे. जुन्या पंपांना नव्या डिझेलचा त्रास होतो तो अनेकदा रबरी सीलमुळे, कारण डिझेलची घडण बदलली की वर्षानुवर्षे फुगून बसलेली जुनी सील आकसतात आणि पंप बाहेरून पाझरू लागतो. पंपाचा बाहेरचा भाग कोरडा आहे का, हेही पाहून लिहावे.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काल नांगरणीत इंजिन ३८ मिनिटांनी बंद पडले. झाकणाचा आवाज आला नाही. फिल्टरवरचा स्क्रू सैल करून कळ चालवली तर डिझेल ठिबकत आले, बुडबुडे नव्हते. आज सकाळी नळी सोडून धार पाहिली. पहिली चार मिनिटे ती बोटाएवढी जाड होती, त्यानंतर बारीक होत गेली आणि नवव्या मिनिटाला दोऱ्यासारखी उरली. टाकी रिकामी करून नळ काढला, तेव्हा त्याच्या जाळीवर काळसर, बुळबुळीत थर होता, तो बोटावर घेतल्यावर जेलीसारखा ताणला जात होता. टाकीच्या तळाशी पेलाभर पाणीही निघाले. पाणी आणि डिझेल जिथे एकमेकांना टेकतात तिथे सूक्ष्मजीव वाढून असा थर जमतो, हे मी ऐकून होतो. फिल्टर बदलताना टाकी उघडून पाहण्याचे मला सुचले नाही, ही चूक माझी आहे.

टाकी दोनदा धुतली, जाळी साफ केली, सोडलेल्या प्रत्येक जोडावर तांब्याचे नवे वॉशर बसवले. मग फिल्टरपासून सुरुवात करून पंपावरच्या दोन्ही स्क्रूंमधून आणि शेवटी नोझलच्या नटांपाशी हवा काढली. दुपारी सलग अडीच तास नांगर चालला आणि ताकद एकदाही उतरली नाही.

तरीही पहिल्या प्रतिसादकर्त्यांचे म्हणणे मी बाजूला ठेवलेले नाही. अडीच तासांनंतर इंजिन बंद करून लगेच सुरू केले तेव्हा सेल्फ बराच वेळ फिरवावा लागला, तर सकाळी हेच इंजिन क्षणात सुरू झाले होते. पंप बाहेरून कोरडा आहे. बॅटरी आणि तिच्या तारा उद्या तपासणार आहे, कारण सेल्फ सावकाश फिरत असेल तरी हाच अनुभव येईल. त्या ठीक निघाल्या तर ओल्या फडक्याची तपासणी करीन. पंप निवल्यावर इंजिन चटकन सुरू झाले, पण लोडवर मात्र कुठलीच तक्रार नसली, तर अशा अवस्थेत पंप आणखी एक हंगाम चालवल्याने आतील झीज वेगाने वाढते का, की गरम असताना सुरू करण्याचा त्रास सोसून तो तसाच ठेवता येतो? याच इंजिनावर असा पंप ज्यांनी चालवून पाहिला आहे, त्यांनी कृपया लिहावे.