बॅकअपच्या डिस्कवर फाइल दिसते, पण दुकानदार म्हणतो 'करप्ट'. फॉरमॅट करू का?

देवरुखची_मावशी:

नमस्कार मंडळी. प्रकरण जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

मी निवृत्त शिक्षिका, मुक्काम देवरुख. माहेरच्या घराण्याच्या कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती काढायचं काम माझ्या गळ्यात आहे. पहिल्या आवृत्तीत मुलग्यांची जन्मसालं, शिक्षण, नोकरी, कोण कुठल्या पेढीवर कारकून होता इथपर्यंत सगळं छापलंय आणि मुलींपुढे नुसतं 'कन्या ३'. नावसुद्धा नाही. या 'कन्या ३' कोण, माहेरचं नाव काय, सासरचं काय, कुठे नांदल्या हे या खेपेला घालायचंच म्हणून मी हटून बसले. इंदूर-बडोद्यापर्यंतच्या म्हाताऱ्यांना फोनवर बोलतं करून नावं जमवली. त्यातल्या काही आता राहिल्या नाहीत, म्हणजे पुन्हा विचारायची सोय नाही.

हे सगळं वर्डच्या एका फाइलीत, श्रीलिपीत (मराठी टायपिंगचं जुनं सॉफ्टवेअर) टाइप केलेलं. श्रावण लागला आणि संगणकाच्या डब्यातून टक टक आवाज यायला लागला. मग एक दिवस तो सुरूच होईना. बाजारातल्या दुकानात नेला. त्यांनी हार्ड डिस्क गेली म्हणून सांगितलं, नवी एसएसडी घातली, विंडोज १० नव्याने टाकलं. मुलगा सुट्टीवर आला होता तेव्हा त्याने बाहेरून जोडायची एक टीबीची डिस्क आणून विंडोजमधली आपोआप बॅकअप घेणारी 'फाइल हिस्टरी' चालू करून दिली होती. "आई, ही अधूनमधून लावत जा, बाकीचं ते आपोआप करतं." मी लावत होते. तो आता जहाजावर आहे, फोन लागेल तेव्हा लागेल.

आता नव्या विंडोजला डिस्क जोडली तर फाइल हिस्टरी म्हणते काहीच नाही. दुकानदाराने डिस्कवरचा फोल्डर उघडला, तर आत माझ्या एकाच फाइलीच्या ढीगभर प्रती, प्रत्येकीच्या नावामागे कंसात आकडे. एक उघडली. आत मराठीचा पत्ता नाही! इंग्रजी अक्षरं, टोपी घातलेले 'ए', पौंडाची खूण, उलटं प्रश्नचिन्ह. "काकू, बॅकअप करप्ट झालाय, डिस्क फॉरमॅट करून घ्या, निदान पुढे वापरता तरी येईल." मी डिस्क पिशवीत घातली आणि तडक घरी आले.

आणखी दोन शंका. मी कामाला बसते रात्री जेवणं आटपल्यावर, नऊ-साडेनऊला. कंसातल्या वेळा मात्र '१६', म्हणजे दुपारचे चार. दुपारी चारला मी संगणकाकडे फिरकतही नाही. दुसरं, डी ड्राइव्हवर जुन्या फोटोंचे स्कॅन होते, ते बॅकअपमध्ये कुठेच नाहीत.

पेन ड्राइव्हवर अक्षय्य तृतीयेच्या सुमाराची एक प्रत आहे, पण बहुतेक नावं त्यानंतर भरलेली. काय करू?

पुणेरी_पेनड्राइव्ह:

रेकुव्हा टाका, डीप स्कॅन मारा. माझे गोव्याचे फोटो सगळे परत आले होते.

जुळारी_सांगली:

मावशी, डिस्क पिशवीत घातलीत ते फार बरं केलंत. फॉरमॅट नको, फाइल हिस्टरीतलं 'क्लीन अप व्हर्जन्स' नको, आणि रेकुव्हाही नको. रेकुव्हा पुसलेल्या फायलींसाठी असतं. तुमची फाइल पुसलेलीच नाही, डोळ्यांसमोर पडलीय.

मी सांगलीत डीटीपी, म्हणजे छपाईसाठी संगणकावर अक्षरजुळणी करतो. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, अधूनमधून कुलवृत्तांतही. 'टोपीवाले ए' घेऊन आलेली गिऱ्हाइकं मी पुष्कळ पाहिलीत. एक करा. पेन ड्राइव्हवरची अक्षय्य तृतीयेची प्रत याच नव्या विंडोजवर उघडा. ती चांगली आहे याबद्दल तुम्हाला शंका नाही ना? तीसुद्धा अशीच दिसेल, पैज लावतो.

श्रीलिपीचे जुने फॉन्ट युनिकोड नाहीत, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला आकडा देणाऱ्या पद्धतीचे नाहीत. तुमच्या फाइलीत 'क' असा नाहीच. इंग्रजी वर्णसंचातला एक आकडा आहे आणि त्या आकड्याच्या जागी 'क' किंवा 'क'चा अर्धा तुकडा दाखवायचं काम फॉन्ट करतो. नवं विंडोज टाकताना फॉन्ट गेला, म्हणून संगणक त्या आकड्यांची मूळची इंग्रजी-फ्रेंच अक्षरं दाखवतोय. आकडे जागच्या जागी आहेत. खात्री करायची तर त्या मजकुरात कर्सर ठेवून वर फॉन्टच्या चौकटीत बघा. श्री-देव-०७०८ किंवा असंच आकड्याचं नाव दिसेल. फॉन्ट संगणकावर नसला तरी वर्ड त्याचं नाव विसरत नाही. खरोखर करप्ट झालेली फाइल बहुधा उघडतच नाही, किंवा उघडली तर असं शिस्तीत परिच्छेद पाडून बसत नाही.

तोवर एकच मोह आवरा. सगळा मजकूर निवडून 'मंगल' हा विंडोजचा मराठी युनिकोड फॉन्ट लावून बघायचा. त्याने मराठी येत नाही, वर फॉन्टचं नाव पुसलं जातं. चुकून लागलाच तर बंद करताना सेव्ह करू नका.

आता कंसातली वेळ. फाइल हिस्टरी प्रतीच्या नावात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ घालते, आकड्यांच्या शेवटी 'यूटीसी' लिहिलेलं असेल बघा. आपलं घड्याळ त्याच्या साडेपाच तास पुढे. १६ वाजता म्हणजे तुमचे रात्रीचे साडेनऊ. म्हणजे त्या प्रती तुम्ही कामाला बसलेल्या असतानाच घेतल्या गेल्यात. डिस्क जोडलेली असली की ती दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत काढते, म्हणून तो ढीग.

'काहीच नाही' म्हणते कारण हे विंडोज नवीन आहे, त्याची या डिस्कशी अजून ओळख नाही. ओळख करून द्यायची घाईही नको. या बॅकअपची मोठी सोय म्हणजे फायली साध्याच असतात, कुठल्या खास वेष्टनात बांधलेल्या नसतात. 'फाइलहिस्टरी' नावाचा फोल्डर, आत तुमचं नाव, आत जुन्या संगणकाचं नाव, आत 'डेटा', मग सी, युजर्स, डॉक्युमेंट्स. त्या फाइलीच्या सगळ्या प्रती निवडा, कॉपी करा, नव्या संगणकावर वेगळा फोल्डर करून त्यात पेस्ट करा. कट नव्हे, कॉपी. तारीख वर्ष-महिना-दिवस अशी असल्यामुळे नावानुसार लावलंत की शेवटची प्रत आपोआप तळाला येते. '~$' ने सुरू होणारी एखादी चिमुकली फाइल दिसली तर सोडून द्या. ती फाइल उघडी असल्याची वर्डची खूण असते, आत मजकूर नसतो.

डी ड्राइव्हचं मात्र खरंय. फाइल हिस्टरी आपणहून फक्त डॉक्युमेंट्स, पिक्चर्स वगैरे लायब्ररी आणि डेस्कटॉप एवढंच घेते. (लायब्ररी म्हणजे विंडोजने एका नावाखाली एकत्र दाखवलेले फोल्डर.) डी वरचा फोल्डर लायब्ररीत घातला नसेल तर तिच्या लेखी तो नाहीच. हे फोटो छपाईवाल्याला वगैरे कुणाला मेलने पाठवले होते का? 'सेंट'मध्ये बघा. जीमेलवर २५ एमबीच्या वरचं गूगल ड्राइव्हची लिंक होऊन जातं, म्हणजे ते ड्राइव्हमध्ये असेल. व्हॉट्सअ‍ॅपवरून फोटो म्हणून गेलेले छपाईला फारसे कामाचे नाहीत, ते दाबून लहान केलेले असतात.

सी_प्रॉम्प्ट:

जुळारींच्या उत्तराला शंभर टक्के अनुमोदन. करप्ट म्हणायच्या आधी दुकानदाराने फॉन्टची चौकट बघायला हवी होती. (आणि त्या विंडोज १०चा मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. जुन्या मशीनवर ११ बसत नसेल, असो.)

बॅकअप आहे आणि बॅकअप उघडतो या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मोठमोठ्यांना भोवलंय. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅबच्या (प्रोग्रॅमरांचा कोड सांभाळणारी कंपनी) एका इंजिनिअरने चुकीच्या सर्व्हरवर आज्ञा चालवून चालू डेटाबेस पुसला. बॅकअपच्या पाच वाटा होत्या, वेळ आली तेव्हा एकही धड चालेना. रोजचा बॅकअप सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या न जुळल्यामुळे कधीपासून फसत होता आणि तसं कळवणारे इमेल वाटेतच नाकारले जात होते. शेवटी सहा तास आधी एकाने चाचणीसाठी हाताने घेतलेली प्रत होती, तिच्यावर निभावलं. हे सगळं त्यांनी स्वतःच जाहीर लिहिलं.

मावशी, महिन्या-दोन महिन्यांनी बॅकअपमधली एक फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून बघा. तुमचं फॉन्टचं प्रकरण तेव्हाच उघड झालं असतं.

जुळारी_सांगली:

बरोबर. आणि फॉन्ट हाही बॅकअपचाच भाग धरा. फॉन्टच्या फायली त्याच डिस्कवर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा. शिवाय प्रत्येक प्रकरण पुरं झालं की त्याची पीडीएफ काढा. पीडीएफच्या पोटात फॉन्ट बसतो, ती जहाजावरही मराठीच दिसेल.

देवरुखची_मावशी:

पैज जिंकलात हो जुळारी! पेन ड्राइव्हवरची प्रतही तशीच, टोप्या घालून. तिथेच मला हुश्श झालं.

श्रीलिपीची सीडी माळ्यावर सापडली. पण नव्या डब्याला सीडी घालायला खाचच नाही. शेजारच्या मुलाच्या जुन्या लॅपटॉपवरून ती पेन ड्राइव्हवर उतरवली, फॉन्ट घातले आणि बॅकअपमधली शेवटची प्रत उघडली. नावामागे २०२५_०७_१९, १६ ०२. आषाढातला शनिवार, रात्री साडेनऊ. बडोद्याच्या शाखेत पहिल्या आवृत्तीतल्या 'कन्या ३' होत्या तिथे तिघींची नावं, माहेरची, सासरची, धाकटी नर्स होती तेही. मी मोठ्याने वाचली. घरात कुणी नव्हतं, म्हणून बरं.

पण १९ जुलैनंतर डिस्क लावली गेली नव्हती, त्यामुळे इंदूरची शाखा त्यात नाही. ती मिळेल का कुठून? फोटोंपैकी बरेच छपाईवाल्याला मेल केलेले होते, सेंटमध्ये सापडले. दोन-तीन फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर गेले होते, त्यांचे मूळ फोटो ज्यांच्या भिंतीवर आहेत त्यांच्याकडे पुन्हा जावं लागेल. तेवढं चालेल, त्या घरी थालीपीठ चांगलं मिळतं.

वाशिष्ठीकाठ:

मावशी, अभिनंदन! चिपळूणकर म्हणून एक सांगतो. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी दुकानात शिरलं तेव्हा आमचा संगणक आणि बॅकअपची डिस्क एकाच टेबलावर होती. दोन्ही गेली. दुसरी एक डिस्क घेऊन तिच्यावर सगळं उतरवा आणि ती बहिणीकडे, भाचीकडे, दुसऱ्या गावात ठेवा. लायब्ररीचंही लक्षात ठेवा. डी वरच्या फोटोंच्या फोल्डरवर उजवं क्लिक करून 'इन्क्लूड इन लायब्ररी' केलं की तोही फाइल हिस्टरीत येतो.

जुळारी_सांगली:

इंदूरच्या शाखेचं सांगतो, पण आशा फार धरू नका. डिस्क जोडलेली नसते तेव्हा फाइल हिस्टरी प्रती तात्पुरत्या सी ड्राइव्हवरच साठवते, आणि तुमचा सी त्या टक टक करणाऱ्या डिस्कवर होता. तो आवाज बहुतेक वेळा वाचणाऱ्या हेडचा असतो. अशी डिस्क पुन्हा पुन्हा चालू करून बघितली तर हेड तबकडीवर घासून उरलंसुरलंही जातं. कुणी फ्रीजमध्ये ठेवायला सांगेल, मुळीच ठेवू नका. प्रयोगशाळेत धूळविरहित खोलीत हेड बदलून डेटा काढतात, पण त्याचा खर्च तुमच्या नव्या एसएसडीच्या कितीतरी पट. इंदूरवाल्यांची पत्रं हाताशी असतील तर मी म्हणेन पुन्हा टाइप करा.

नवं विंडोज आता फाइल हिस्टरीला जोडायला हरकत नाही. ही डिस्क निवडताना जुना बॅकअप पुढे वापरायचा का असं विचारेल, तिथे जुनं नाव निवडा. त्याआधी वाशिष्ठीकाठ म्हणतायत ती दुसरी प्रत करून घ्या.

देवरुखची_मावशी:

पत्रं आहेत, पिशवीभर. टाइप करते. आणि ती बिघडलेली डिस्क दुकानातच आहे. 'टाकून देऊ का' म्हणून त्यांचा आज फोन आला होता.

जुळारी_सांगली:

टाकू देऊ नका, आणि बदल्यात देऊही नका. तुम्हाला वाचता येत नाही म्हणून कुणालाच येणार नाही असं नाही, आणि तिच्यावर सगळ्या घराण्याचे पत्ते, फोन, जन्मतारखा आहेत. उद्या बाजारात जाल तेव्हा मागून घ्या. काढलेला भाग तुमचाच आहे, बिलात त्याचे काही पैसे वळते केले नाहीत ना तेवढं बघा.