अनुभव धागा: ते अवशेषांमधून धावले, आपण कडेला उभे होतो

धावणाऱ्यांचे अनुभव पुष्कळ वाचायला मिळतात. कडेला उभं राहून घसा बसेपर्यंत ओरडणाऱ्यांना मात्र कुणी विचारत नाही. परदेशात, जुन्या वास्तूंच्या सावलीत तुम्ही कुणासाठी उभे राहिलात? लिहा. सुरुवात मी करते.

अंगकोर वाट, कंबोडिया. डिसेंबरातल्या हाफ मॅरेथॉनला माझ्या दोन मैत्रिणी होत्या. भूसुरुंगांमुळे हातपाय गमावलेल्यांना कृत्रिम अवयव मिळावेत म्हणून १९९६ साली ही शर्यत सुरू झाली. अंधारातच टुकटुकने पोचलो. मंदिर पश्चिमाभिमुख, म्हणून सूर्य त्याच्या पाठीमागून वर येतो. कळस उजळायच्या आत त्या दोघी सुटल्या आणि मी पायी अंगकोर थोम या जवळच्या जुन्या तटबंदी शहराचा दक्षिण दरवाजा गाठला. तिथल्या पुलावर एका बाजूला ५४ देव आणि दुसऱ्या बाजूला ५४ असुर नागाला धरून ओढताहेत. समुद्रमंथनच ते! त्या दोन रांगांमधून दमलेली माणसं धावत येत होती. शाळकरी मुलं टाळी द्यायला हात पुढे करून उभी होती, मीही त्यांच्यात शिरले. कृत्रिम पायावर धावणारा एक जण आला तेव्हा मुलांचा आवाज एकदम चढला. ही शर्यत कशासाठी आहे, ते मला तेव्हा खरं कळलं. पहिली मैत्रीण दिसल्यावर मी काय ओरडले ते आठवत नाही, पण मराठीत ओरडले.

–––

रोम, मार्च महिना. कोलोसियमजवळच्या गर्दीत भाऊ मला दिसलाच नाही. फार वाईट वाटलं. शर्टाचा रंग, रस्त्याची कुठली बाजू, कितवा किलोमीटर, हे आदल्या रात्रीच ठरवून ठेवा.

–––

अथेन्स, नवऱ्याची पहिली मॅरेथॉन. मॅरेथॉन गावातून निघून ४२.१९५ किलोमीटर, आणि साधारण ३१ व्या किलोमीटरपर्यंत चढ काही पिच्छा सोडत नाही. म्हणून शेवटाला न थांबता मी मेट्रोने चढ संपतो त्या भागात गेले. शेजारच्या आजीबाई येणाऱ्या प्रत्येकाला ‘ब्राव्हो!’ म्हणत होत्या. नवरा आला तो मान खाली घालून. ‘थोडंच राहिलंय’ असं मी म्हटलं नाही. अजून ११ किलोमीटर असताना ते ऐकून माणूस चिडतो. ‘चढ संपला, आता उतार!’ एवढंच ओरडले. त्याने मान वर केली. आजीबाईंनी त्याच्या हातात ऑलिव्हची डहाळी दिली.

पुढे रस्ते बंद असल्याने मी स्टेडियमला उशिरा पोचले. १८९६ च्या ऑलिंपिकमध्ये ग्रीसचा स्पिरिडॉन लुईस मॅरेथॉन जिंकला तेच हे पांढऱ्या संगमरवराचं पॅनाथेनाइक स्टेडियम. शेवटची रेघ ओलांडताना मला नवऱ्याला पाहता आलं नाही, ही रुखरुख अजून आहे. पण तो म्हणतो, तू उभी होतीस तीच जागा बरोबर होती.

–––

अंगकोरच्या त्या दोघींपैकी दुसरी मी. अंगकोर थोममधल्या बायॉन मंदिरापाशी ते दगडी चेहरे मान वर करून बघायचंही त्राण उरलं नव्हतं, चालायलाच लागले होते. तुझी हाक मला पुलावर नाही, दरवाज्याच्या आत असतानाच ऐकू आली. तू बहुतेक पहिलीच्याच नावाने ओरडत होतीस, तरी मी पुन्हा धावायला लागले.