अधिकृत डीलरने गाशा गुंडाळला. आता सर्व्हिसचे आणि वॉरंटीचे काय?

सिंहगडरोडवासी (प्रश्न)

नमस्कार. आमची चारचाकी ज्या अधिकृत डीलरकडून घेतली आणि जिथे तिची सर्व्हिसिंग नियमितपणे होत आली, त्याचे शोरूम दिवाळीनंतर बंद झाले आणि त्यापाठोपाठ वर्कशॉपच्या फाटकालाही कुलूप लागले. कंपनी बंद पडलेली नाही. तिच्या जाहिराती रोज दिसतात आणि शहरात तिचे इतर डीलर व्यवस्थित चालू आहेत. त्यामुळे हा प्रकार शेव्हरोले किंवा फोर्ड देशातून गेल्यासारखा नाही एवढे समजते. पण म्हणून माझे प्रश्न सुटतात असेही नाही.

गाडी घेताना मी सर्व्हिसचे आगाऊ पॅकेज घेतले होते आणि त्यातले काही काम अजून शिल्लक आहे. वाढीव वॉरंटीही तेव्हाच घेतली. तिचे पैसे गाडीच्या किमतीतच मिळवून एकाच चेकने दिले होते. कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन केला असता, गाडी चिंचवडच्या केंद्रात न्या, एवढेच सांगण्यात आले. चिंचवडच्या केंद्राने, हे पॅकेज आमच्या सिस्टीममध्ये दिसत नाही, असे म्हणून हात वर केले.

माझ्या मेहुण्यांची अडचण अधिक गंभीर आहे. त्यांची गाडी अपघातानंतर डेंटिंग-पेंटिंगसाठी त्याच वर्कशॉपमध्ये दिली होती, विम्याचा सर्व्हेअर पाहणी करून गेला होता, आणि आता गाडी कुलपाच्या आत आहे. फाटकाच्या जाळीतून ती दिसतेही: पुढचा बंपर काढलेला, डाव्या दारावर पुटी घासून ठेवलेली आणि काचेवर जॉबकार्डाचा नंबर मार्करने लिहिलेला. जागामालकाने कोणालाही आत सोडू नये असे बजावले आहे, एवढेच राखणदार सांगतो. अशा वेळी नेमके कोणाकडे जायचे?

बारा-तेराचा पाना

मी सर्व्हिस ॲडव्हायझर म्हणून या धंद्यात बरीच वर्षे काढली आहेत, तेव्हा पॅकेज आणि वॉरंटी यांबद्दल लिहितो. अडकलेल्या गाडीबद्दल कायदा जाणणाऱ्यांनी लिहावे.

आपण गाडी 'कंपनीची' म्हणत असलो तरी बिल फाडतो तो डीलर, आणि कंपनीच्या लेखी तो तिचा नोकर नसून तिच्याकडून गाड्या विकत घेऊन पुढे विकणारा स्वतंत्र व्यापारी असतो. म्हणून पहिला प्रश्न असा, की आपले पैसे कोणाच्या खात्यात गेले आणि त्या बदल्यात कागद कोणी दिला? सर्व्हिस पॅकेज दोन प्रकारचे असते. कंपनीच्या योजनेतले पॅकेज चॅसिस नंबरवर नोंदवले जाते आणि ते देशातल्या कोणत्याही अधिकृत केंद्रात चालते. दुसरे पॅकेज डीलरने स्वतः काढलेले असते: त्याच्या लेटरहेडवर छापलेले, एखादे भारदस्त नाव दिलेले, बहुधा कूपनांसह. हे दुसरे डीलरबरोबरच बुडते. चिंचवडला ते दिसत नाही याचा अर्थ एकतर ते डीलरचे स्वतःचे होते, किंवा कंपनीचे असूनही डीलरने पैसे घेतले आणि नोंद केली नाही. या दुसऱ्या शक्यतेत कंपनीशी भांडायला जागा राहते, म्हणून बिलावर योजनेचे नाव नेमके काय लिहिले आहे ते तपासा.

वाढीव वॉरंटीचेही तसेच. तिचे स्वतंत्र प्रमाणपत्र असते, त्यावर क्रमांक, चॅसिस नंबर आणि मुदत असते, आणि ती देणारी पुष्कळदा विमा कंपनी असते. केवळ गाडीच्या बिलात एक ओळ असणे पुरेसे नाही. ग्राहक सेवेला ईमेल करून 'या चॅसिस नंबरवर कोणती वाढीव वॉरंटी व कोणते पॅकेज नोंदलेले आहे आणि त्यांची मुदत कधी संपते' असे थेट विचारा. फोनवरच्या उत्तराला पुढे कोणी विचारत नाही.

आणखी एक गोष्ट लोकांच्या ध्यानात उशिरा येते. वॉरंटी टिकण्यासाठी सर्व्हिस ठरलेल्या महिन्यांत किंवा किलोमीटरांत व्हावी लागते. आणि एक डीलर बंद पडला की त्याचे सगळे ग्राहक शेजारच्या केंद्रांवर लोटतात, त्यामुळे तिथे तारीख मिळेनाशी होते. मुदत टळण्यापूर्वीच तारीख मागणारा ईमेल पाठवून ठेवला, तर 'तुम्ही उशिरा आलात' हा मुद्दा पुढे कोणाला काढता येत नाही.

डीलर का बुडतात, हे विचारलेले नाही, पण ते कळले तर पुढच्या वेळी उपयोगी पडेल. कंपनी गाड्या पाठवते, डीलर बँकेच्या कर्जातून त्यांचे पैसे भरतो, आणि यार्डात गाडी जितके दिवस उभी राहील तितके व्याज चढत जाते. मोठ्या रस्त्यावरच्या शोरूमचे भाडे वेगळेच. प्रत्यक्ष नफा बराचसा वर्कशॉप, विमा आणि ॲक्सेसरीज यांतून येतो. शोरूम तोट्यात गेले की वर्कशॉपचा पैसा तिकडे वळवला जातो, सुट्या भागांचे पैसे भरायला काही उरत नाही, आणि मग काउंटरवर 'पार्ट मागवला आहे' हे वाक्य रोज ऐकू येऊ लागते. चांगले मेकॅनिक सर्वांत आधी निघून जातात, कारण त्यांना दुसरीकडून बोलावणे असते. अशा काळात आगाऊ पैसे देऊ नयेत. सवलत नेमकी तेव्हाच सर्वांत मोठी असते, हा भाग वेगळा.

शेव्हरोलेचे म्हणाल, तर तो प्रकार पुणेकरांना विशेष लागलेला आहे. शेव्हरोले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातली विक्री थांबवली, पण तळेगावच्या कारखान्यात निर्यातीच्या गाड्या डिसेंबर २०२०पर्यंत बनत होत्या. म्हणजे गाडी हाकेच्या अंतरावर तयार होत होती आणि ती विकणारे शोरूम मात्र शहरात नव्हते. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातले उत्पादन थांबवत असल्याचे जाहीर केले. दोन्ही कंपन्यांनी सर्व्हिस आणि सुटे भाग चालू ठेवले, मात्र केंद्रे रोडावली. आपल्या बाबतीत कंपनी जागेवर आहे, त्यामुळे मूळ वॉरंटीची काळजी करू नका.

कलम आणि कागद

मेहुण्यांच्या गाडीचा विचार आधी करू, कारण तिथे वेळ महत्त्वाची आहे. दुरुस्तीसाठी दिलेली गाडी ही भारतीय करार कायद्यातील कलम १४८ नुसार निक्षेप, म्हणजे विश्वासाने ताब्यात दिलेली वस्तू ठरते, आणि हेतू पूर्ण झाल्यावर किंवा मुदत संपल्यावर ती परत करण्याचे बंधन कलम १६० घालते. कलम १७० प्रमाणे कारागिराला आपल्या कामाच्या मजुरीपुरती वस्तू अडवून ठेवता येते. पण तो हक्क दुरुस्ती करणाऱ्याचा आहे, जागामालकाचा किंवा डीलरला कर्ज देणाऱ्या बँकेचा नाही. डीलरने भाडे थकवले म्हणून त्याच्या ग्राहकाची गाडी तारण होत नाही.

प्रत्यक्षात असे करावे. आरसी, विमा पॉलिसी, जॉबकार्ड आणि सर्व्हेअरच्या पाहणीचा कागद यांच्या प्रती जोडून डीलर, जागामालक आणि कंपनीचे विभागीय कार्यालय या तिघांना लेखी पत्र द्यावे व पोच घ्यावी. जागेवर बँकेने ताब्याची नोटीस लावली असेल, तर तीवर प्राधिकृत अधिकाऱ्याचे नाव असते; चौथे पत्र त्यांना जाईल. बँकेने गाडी डीलरच्या मालमत्तेच्या यादीत धरण्यापूर्वी हे पत्र पोचणे हिताचे आहे. तरीही दाद मिळाली नाही, तर स्थानिक पोलीस ठाण्यात अर्ज द्यावा. तसेच विमा कंपनीला गॅरेज बदलत असल्याचे आताच कळवावे, म्हणजे गाडी बाहेर आल्यावर दाव्याची फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू होणार नाही.

पॅकेजच्या पैशांसाठी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. आपण राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे कंपनीचे मुख्य कार्यालय चेन्नईत असो वा गुरुग्रामात, आपल्याला पुणे सोडावे लागत नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे आणि दिलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून पाहावी. चालू असलेली कंपनी तिथे बऱ्याचदा उत्तर देते.

मात्र कंपनीकडून फार अपेक्षा ठेवू नका. कंपनी आणि डीलर यांचे करार सहसा दोन स्वतंत्र व्यापाऱ्यांमधले असतात, आणि २०२१ मध्ये गोव्यातल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हेच धरून कंपनीची जबाबदारी काढून टाकली. तिथे डीलरने जुन्या वर्षाची गाडी नव्या वर्षाची म्हणून विकली होती आणि ते कंपनीला ठाऊक असल्याचा पुरावा नव्हता. आपल्या पॅकेजवर कंपनीचे नाव वा चिन्ह असेल, तर आपली बाजू त्याहून बरी आहे.

बिलावर डीलरचे नाव नीट वाचा. ते 'प्रा. लि.' असेल आणि त्या प्रा. लि. विरुद्ध दिवाळखोरीची कार्यवाही सुरू झाली असेल, तर स्थगितीच्या काळात ग्राहक आयोगातली तक्रार पुढे सरकत नाही. तेव्हा त्या कार्यवाहीसाठी नेमलेल्या दिवाळखोरी व्यावसायिकाकडे मुदतीत दावा दाखल करावा लागतो. भागीदारी किंवा एकल मालकी असेल, तर मालक व भागीदार स्वतः जबाबदार राहतात, आणि ग्राहकाच्या दृष्टीने ही स्थिती अधिक चांगली असते.

घोडनदीकाठ

वरचे सगळे वाचले आणि वाटले की शहरातल्या मंडळींना निदान चिंचवड तरी आहे. आमच्याकडे शिरूर तालुक्यात ट्रॅक्टरचा डीलर बंद झाला, तेव्हा त्याच कंपनीचे पुढचे दुकान दुसऱ्या तालुक्यात होते, आणि बिघडलेला ट्रॅक्टर काही चाकणापर्यंत टो करून नेता येत नाही. मेकॅनिकला बोलवायचे तर त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आपल्या माथी, आणि तोही मोकळा असेल तेव्हा येणार.

माझ्या ट्रॅक्टरची हायड्रॉलिक लिफ्ट भार धरीना. रोटाव्हेटर उचलला की पाहता पाहता खाली बसायचा, आणि इंजिन बंद केले की थेट जमिनीला टेकायचा. दोष सिलेंडरच्या सीलचा होता. गावच्या मिस्त्रीने तो अर्ध्या तासात ओळखला, पण त्या मॉडेलचे सील किट बाजारात सुटे मिळेना, आणि ते येईपर्यंत ऊस तुटून मोकळ्या झालेल्या रानाची मशागत भाड्याच्या ट्रॅक्टरने करून घ्यावी लागली. कारखान्याचा हंगाम चालू असताना भाड्याचा ट्रॅक्टर मिळणे हेच मोठे काम असते. डीलर असताना ही वस्तू त्याच्या काउंटरच्या मागच्या फळीवर असायची.

जुन्या ट्रॅक्टरला मिस्त्री पुरतो. पण ५० अश्वशक्तीच्या वरच्या ट्रॅक्टरना जानेवारी २०२३ पासून उत्सर्जनाचे नवे निकष लागू झाले आणि त्या इंजिनांवर इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले. तिथे बिघाडाचा दिवा लागला की कंपनीचे सॉफ्टवेअर असलेला लॅपटॉप जोडल्याशिवाय कोणालाच पुढे जाता येत नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचे पोर्टल सुरू केले आणि त्यात शेतीची अवजारेही आहेत; पण पोर्टलवर मॅन्युअल मिळाले तरी तालुक्यात तो लॅपटॉप येत नाही.

ज्यांचा ट्रॅक्टर नवा आहे आणि पासिंग व्हायचे आहे, त्यांनी तर डीलर डळमळीत दिसताच धावपळ करावी. नव्या वाहनाच्या नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असा नियम आहे. विक्रीचे प्रमाणपत्र म्हणजे फॉर्म २१ आणि रस्त्यायोग्यतेचे म्हणजे फॉर्म २२ त्याच्याच कपाटात असतात, आणि तो गेला की आरटीओत आपले कोणी ऐकत नाही. हे दोन्ही फॉर्म कंपनीलाही देता येतात, तेव्हा कंपनीच्या क्षेत्रीय अधिकाऱ्याला धरावे. महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरून अनुदानाची पूर्वसंमती मिळालेल्यांनी बिल अपलोड करण्याची मुदतही पाहावी. डीलर पळाला हे कारण पोर्टलला कळत नाही.

सिंहगडरोडवासी

सर्वांचे मनापासून आभार. कंपनीचे उत्तर ईमेलने आले: वाढीव वॉरंटी नोंदलेली आहे, पॅकेज नाही. बिल पुन्हा पाहिले, तर पॅकेजच्या ओळीत कंपनीच्या योजनेचेच नाव छापलेले आहे, त्यामुळे १९१५ वर तक्रार केली आहे. मेहुण्यांची तीन पत्रे गेली. बँकेची नोटीस लागलेली नाही. एक विचारायचे राहिले: डीलरकडून नसेल, तर सुटे भाग नाना पेठेतून घेतलेले चालतील का?

बारा-तेराचा पाना

वॉरंटीतल्या गाडीसाठी नको. ब्रेक पॅड, वायपर, फिल्टर असल्या वस्तू नाना पेठेत चांगल्या मिळतात. पण बाहेरच्या भागामुळे बिघाड झाला असे म्हणायला कंपनीला निमित्त मिळते. वॉरंटी संपल्यावर अवश्य जा, आणि वस्तू घेताना डब्यावरचा पार्ट नंबर आपल्या जुन्या भागावरच्या नंबराशी ताडून घ्या. वापरलेले भाग शोधायला लोक पूर्वी चिखलीच्या कुदळवाडीत जात. तिथली गोदामे फेब्रुवारी २०२५ मध्ये पाडली गेली, त्यामुळे तो मार्गही आता पहिल्यासारखा राहिलेला नाही.

चिंचवडला पुढच्या सर्व्हिसला जाल तेव्हा गाडीचा संपूर्ण सर्व्हिस इतिहास छापून मागा. कंपनीच्या सिस्टीममध्ये तो कोणत्याही केंद्रात उघडतो, पण बंद झालेल्या डीलरने शेवटच्या काही महिन्यांतली कामे त्यात चढवलीच नसतील असे घडू शकते. नोंदी तुटलेल्या दिसल्या, तर आपल्याकडची बिले दाखवून त्याच वेळी नोंद करून घ्या. गाडी विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक हाच कागद मागते. मेहुण्यांनी गाडी ताब्यात घेताना किलोमीटर, डिझेलचा काटा आणि काढून ठेवलेल्या भागांची यादी राखणदाराच्या सहीने लिहून घ्यावी. तो बंपर गाडीजवळच ठेवला असेल असे धरून चालू नये.