ओटा हलवतोय, पीएनजीची (पाईपने येणाऱ्या गॅसची) लाईन वाढवायची आहे: पाईप अर्धा इंची की पाऊण इंची?

वरदा_पुणे
स्वयंपाकघराचं काम काढलंय. मीटर ड्राय बाल्कनीत, तीन बर्नरची शेगडी आता समोरच्या भिंतीला जाणार. भिंतीच्या कडेने मोजलं तर 7 मीटर आणि वाटेत सहा एल्बो (काटकोनी जोड). शेगडीच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून बाल्कनीतच 6 लिटरचा गॅस गिझर घ्यायचाय. काम गॅस कंपनीचा अधिकृत माणूसच करेल, पण तो यायच्या आधी मला आकडे नीट कळायला हवेत. सध्याच्या पाईपची जाडी 21 मिमी भरते आणि सगळे त्याला अर्धा इंची म्हणतात, ते कसं? नळाच्या कामातला उरलेला जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाईप वापरला तर?

आटेवाला
वरदाताई, अर्धा इंच हे नुसतं नाव आहे, त्या मापाचं पाईपवर काहीच नसतं. अर्धा इंची पाईपचा बाहेरचा व्यास 21.3 मिमी, पाऊणचा 26.9, एक इंचीचा 33.7. व्हर्नियर (व्यास अचूक मोजायचं साधन) नसेल तर कागदाची पट्टी पाईपभोवती घट्ट गुंडाळून परीघ मोजा: 67 मिमी आला तर अर्धा, 85 आला तर पाऊण, 106 आला तर एक इंची. रंग लावलेल्या पाईपवर एखादा मिमी जास्त येतो.

आयएस 1239 या भारतीय मानकाच्या पाईपवर रंगाचा पट्टा असतो: पिवळा हलका, निळा मध्यम, लाल जड म्हणजे सी क्लास. गॅसला लाल पट्ट्याचाच घ्या. अर्धा इंचीत त्याची भिंत 3.2 मिमी, निळ्याची 2.6. आटे पाडताना भिंत आधीच कोरली जाते, मुळात पातळ पाईपात मग आट्याच्या तळाशी धातू फारच थोडा उरतो. नळाचा उरलेला पाईप म्हणूनच नको. शिवाय आतला गंज आणि क्षार सुटून शेगडीच्या जेटमध्ये (गॅस बाहेर सोडणाऱ्या बारीक भोकात) अडकतात.

आता साईज. प्रत्येक एल्बो गॅसला अडवतो, त्याचे अर्धा मीटर पाईपाएवढे धरा: 7 अधिक 3, म्हणजे 10 मीटर. शेगडी सगळी पेटली तर ताशी साधारण 0.6 घनमीटर, गिझर 1.1 ते 1.2. एकूण 1.8. घरात गॅस 21 मिलीबार दाबाने येतो, त्यातला लाईनमध्ये 1 मिलीबारच घालवायचा असं धरलं तर 10 मीटरला अर्धा इंची सी क्लास जेमतेम तेवढाच देतो, कारण भिंत जाड म्हणून भोक 14.9 मिमीच. गिझर सुरू झाला की शेगडीची ज्योत बसेल. मीटरपासून टीपर्यंत पाऊण इंची टाका, तिथून दोन्ही फाटे अर्धा इंची. मीटरच्या पट्टीवर कमाल प्रवाहही बघा, जी 1.6 मीटर ताशी 2.5 घनमीटरपर्यंतचा असतो, तो पुरेल.

सुमेध_फिटिंग
पाईप कापताना चूक होते ती मापात. भिंतीवर एल्बोच्या मध्यापासून मध्यापर्यंत मोजायचं आणि त्यातून दोन्ही बाजूंची फिटिंगची वजावट काढायची. अर्धा इंची एल्बोचा मध्य ते तोंड 28 मिमी, त्यात पाईप आत जातो 13, म्हणून वजावट 15. पाऊणला 18, एक इंचीला 21. म्हणजे मध्य ते मध्य 1200 असेल तर अर्धा इंची पाईप 1170 चा. कंपनीगणिक थोडा फरक पडतो, हातातला एल्बो मोजूनच कापा.

कापल्यावर आतली धार रीमरने (भोक साफ करायच्या हत्याराने) काढलीच पाहिजे. ती राहिली तर अर्धा इंचीचं भोक आणखी अरुंद होतं. अर्धा इंचीला आटे 13 मिमीपर्यंत पुरे. हाताने चार-साडेचार वेढे बसले पाहिजेत, पुढे पान्याने दोन ते तीन, आणि बाहेर एक-दोन आटे दिसत राहिले पाहिजेत. हातानेच पूर्ण आत गेला तर डाय (आटे पाडायचं हत्यार) जास्त खोल चाललीय, तो तुकडा बाद.

सांध्यात भरायला सूत आणि सफेदा (पांढरा लेप) नको. नैसर्गिक गॅस कोरडा असतो, सूत वाळून आकसतं आणि काही महिन्यांनी गळती लागते. गॅससाठीची जाड पिवळी टेफ्लॉन टेप घ्या, पहिला आटा मोकळा सोडा, आट्यांच्या दिशेने गुंडाळा. घट्ट केलेला एल्बो दिशा जुळवायला मागे फिरवला की सील गेलं, परत उघडून नवी टेप.

कणाद
दोन गोष्टी जोडतो. शेगडी परदेशी बनावटीची असेल तर इनलेटचे (गॅस आत येतो त्या तोंडाचे) आटे विचारून घ्या. अमेरिकेत एनपीटी जातीचे आटे चालतात, आपल्याकडे बीएसपी. अर्धा इंचीत दोन्हींचे इंचाला 14 आटे, त्यामुळे एकमेकांत जातात, घट्टही वाटतात. पण एनपीटीच्या आट्याचा कोन 60 अंश, बीएसपीचा 55, म्हणून गळतात. योग्य अडॅप्टर लावा. इनलेट सरळ आट्यांचा असेल तर सील सपाट वॉशरवर होतं, तिथे टेप गुंडाळल्याने वॉशर नीट दाबला जात नाही.

जुनी शेगडी एलपीजीची असेल तर जेट बदलावे लागतील.

वरदा_पुणे
टीपासून आधीच्या एल्बोपर्यंत मध्य ते मध्य 2140 आलं, पाऊण इंची. म्हणजे 2140 वजा 36, 2104 बरोबर?

सुमेध_फिटिंग
एल्बोकडचे 18 बरोबर. टी फाट्याकडे अर्धा इंची होणारी असेल तर सरळ बाजूही आखूड असते, तिची वजावट 18 पेक्षा कमी येते. टी आणल्यावर मध्य ते तोंड मोजा, त्यातून 15 (पाऊण इंची पाईप आत जातो तेवढे) वजा करा, उरेल ती त्या बाजूची वजावट. तोवर हा तुकडा कापू नका. दोन्ही फाट्यांवर स्वतंत्र व्हॉल्व्ह आणि व्हॉल्व्हच्या पुढे युनियन (पाईप न फिरवता उघडता येणारा जोड) ठेवायला सांगा, म्हणजे गिझर काढताना शेगडी बंद पडत नाही. शेवटी प्रत्येक सांध्याला साबणाचं पाणी लावा, आणि सगळं बंद करून 15 मिनिटं मीटरचा शेवटचा लाल आकडा जागचा हलत नाही ना ते बघा.