एका दिवसात वाघ दाखवून आणणाऱ्या सहली बंद व्हायला हव्यात का?

पाणवठा:
गेल्या मे महिन्यात आम्ही सहा जण नागपूरहून 'एक दिवस, दोन सफारी' अशा सहलीला गेलो. रात्री अडीचला गाडी, पहाटे गेट, सकाळची सफारी, जेवण, दुपारची सफारी आणि रात्री अकराला घरी. वाघीण दिसली. तेव्हापासून मला मनापासून वाटतंय की अशी सहल कुणी काढू नये आणि काढली तरी आपण जाऊ नये.

झालं ते असं. सव्वाआठ वाजलेले. आटत आलेली बोडी म्हणजे लहान तळं, काठाला चिखल, पलीकडे बांबू. आमच्या आधीच नऊ जिप्स्या लागल्या होत्या. सांबराने दोनदा धोक्याचा कॉल दिला, मग वानर खाकरलं आणि बांबूतून वाघीण बाहेर आली. तिला पाण्यावर यायचं होतं, पण मधे रस्ता आणि रस्त्यावर आम्ही. ती डावीकडे सरकली की गाड्या डावीकडे, उजवीकडे वळली की सगळ्या रिव्हर्समध्ये. तोंड उघडं, जीभ बाहेर आणि पोट भात्यासारखं हलत होतं, हे दुर्बिणीशिवाय दिसत होतं. मी घड्याळ लावलं होतं: पंचवीस मिनिटं. शेवटी ती पाण्याला तोंड न लावता परत फिरली. आमच्या गाडीत सगळे खूश. कॅमेरा मीही खाली ठेवला नव्हता, हे आधीच सांगून टाकते.

राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाचे नियम 2012 पासून आहेत. प्राण्यापासून किमान 20 मीटर लांब राहायचं, एका जागी 15 मिनिटांच्या वर थांबायचं नाही, प्राण्याला घेरायचं नाही. गेटवरच्या प्रत्येकाला ते पाठ असतात. पण ज्याच्या गाडीतल्या माणसांना आजच वाघ बघून रात्री घरी पोचायचंय, तो ड्रायव्हर पंधरा मिनिटांनी गाडी काढेल कसा? जो दोन-तीन दिवस राहतो तो म्हणू शकतो, चला, उद्या बघू. एका दिवसाच्या माणसाकडे उद्या नसतो. 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात वाघीण आणि तिचे पाच बछडे गाड्यांच्या मधे अडकले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. त्यानंतर तरी आपण शहाणे व्हायला हवं होतं.

सागवान:
ताई, बारा वर्षं गाइड आहे, त्या हक्काने लिहितो. तुम्ही पाहिलं ते खरं आहे. असं होतं, आणि झालं की मलाही रात्री झोप लागत नाही. पण दोष चुकीच्या माणसावर टाकलात.

एका दिवसासाठी आलेले लोक माझ्यासाठी सगळ्यात सोपे असतात. पहिल्यांदा आलेले, थोडे घाबरलेले. गप्प बसा म्हटलं की बसतात. दम निघतो तो पाच-पाच दिवस राहणाऱ्यांनी. हातभर लेन्स, आधीच्या ट्रिपला कडेने चालणारा वाघ मिळालेला असतो, म्हणून आता समोरून येणाराच हवा. 'गाडी जरा पुढे घे, अजून जरा' हे वाक्य मी बहुतेक वेळा अशांच्या तोंडून ऐकलंय. आणि गाइडचा नंबर पाळीने लागतो. गिऱ्हाईक आम्ही निवडत नाही.

दुसरं. ताडोब्यात सफारीला मोबाइल चालत नाही. तरी वाघाची बातमी पोचतेच. समोरून येणारा ड्रायव्हर वेग कमी करतो, भुवई उडवतो, बोट मागे करतो, झालं. दहा मिनिटांत तिथे दहा गाड्या. त्या बोटाला कोणता नियम लावणार? आणि चूक झाली की निलंबन गाइडचं आणि चालकाचं. उमरेडच्या वेळीही आमच्यासारख्यांचीच रोजी गेली. मागच्या सीटवरून खांद्यावर थापा मारणारा मात्र घरी जाऊन फोटो लावतो.

आईचा_हात:
मला हा धागा वाचून वाईट वाटलं, कारण मीच ती एका दिवसाची माणूस आहे.

आई 71 वर्षांची. तिचं माहेर वर्धा जिल्ह्यातलं. लहानपणी बोरच्या जंगलाच्या बाजूने रात्री येणारा आवाज ऐकलेला, पण वाघ कधी पाहिला नाही. गुडघे गेलेत. मला शाळेत सुट्टी मिळते ती शनिवार-रविवारची, आणि तेव्हाच सफारीचे दर जास्त असतात. गेटजवळच्या रिसॉर्टचं एका रात्रीचं भाडं म्हणजे आमचा महिन्याचा किराणा. तुम्ही म्हणता दोन-तीन दिवस राहा. म्हणजे जंगल ज्याला परवडतं त्याचंच का?

आम्हाला वाघ दिसला नाही. सकाळी ओल्या धुळीत पाऊल उमटलेलं होतं, ताजं, कडा अजून ढासळल्या नव्हत्या. उतरायची परवानगी नसते, म्हणून आई कठड्यावरून वाकली आणि हवेतच त्या पावलावर आपला पंजा धरून बघत राहिली. 'माझ्या हाताएवढं आहे गं', एवढंच म्हणाली. परतीच्या वाटेवर दुसरं काही बोलली नाही. पाणवठाताई, तुमचं ऐकलं असतं तर हे तिला मिळालंच नसतं.

नकाशा:
भावना दोन्हीकडच्या खऱ्या आहेत. थोडा हिशोब मांडतो.

प्रत्येक गेटमधून एका फेरीत किती जिप्स्या सोडायच्या हा आकडा ठरलेला असतो. त्या जिप्सीत एका दिवसाचा माणूस बसला काय आणि पाच दिवसांचा बसला काय, गाड्या तेवढ्याच. एकदिवसीय सहली बंद केल्या तर त्याच जागा रिसॉर्टवाले भरतील. बोडीवर त्या दिवशी दहाच गाड्या असत्या आणि वाघीण तशीच तहानलेली परत गेली असती. धाग्याचा मूळ मुद्दा मला इथे टिकत नाही.

पण सगळं ठीक चाललंय असंही म्हणणार नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी कान्हा आणि बांधवगडमधल्या वाघांच्या विष्ठेतली ताणाची संप्रेरकं तपासली होती. पर्यटनाच्या हंगामात ती वाढलेली आढळली आणि गाड्यांच्या संख्येशी त्याचा संबंध दिसला. म्हणजे पाणवठाताईंनी डोळ्यांनी पाहिलं ते प्रयोगशाळेतही दिसतं.

'पर्यटक असले की शिकारी येत नाहीत' हेही नेहमी ऐकवलं जातं. राजस्थानातल्या सरिस्कात पर्यटक होतेच. तरी 2004-05 पर्यंत तिथला शेवटचा वाघ संपला. 2009 मध्ये मध्य प्रदेशातल्या पन्नाची तीच गत झाली. दोन्हीकडे नंतर बाहेरून वाघ आणून सोडावे लागले. राखण करतो तो पायी फिरणारा वनरक्षक आणि वनमजूर. जिप्सी दिवसातून दोनदा ठरलेल्या रस्त्याने जाते आणि येते, तिला आतलं काय दिसणार? सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2012 मध्ये कोअरमधलं, म्हणजे व्याघ्रप्रकल्पाच्या गाभ्यातलं पर्यटन काही महिने थांबवलं होतं. ऑक्टोबरमध्ये ते पुन्हा सुरू झालं ते कोअरच्या जास्तीत जास्त 20 टक्के भागापुरतं. त्या 20 टक्क्यांतही सगळ्या गाड्या दोन-तीन पाणवठ्यांवरच गोळा होतात, खरं दुखणं ते आहे.

पाणवठा:
नकाशा, गाड्यांच्या आकड्याचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. मान्य. आईचा_हात, तुमच्या आईंबद्दल वाचून मी बराच वेळ काही लिहू शकले नाही. तुम्ही जायलाच हवं होतं.

तरी एका गोष्टीवर मी ठाम आहे. आमच्या सहलीच्या जाहिरातीत 'हमखास व्याघ्रदर्शन' असं छापलं होतं. हमखास म्हणून पैसे घेतले की दुपारी चारनंतर सगळ्यांचे चेहरे बदलतात. जेवताना संयोजक ड्रायव्हरला बाजूला घेऊन काहीतरी बजावत होता, ते मी पाहिलं. बक्षिशी वाघावर ठरलेली. हे थांबवता येईल की नाही?

तेंदूपान:
मी चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यातली. इथे कधी लिहीत नाही, आज राहवलं नाही.

तुम्ही पंचवीस मिनिटं वाघीण पाहिली, चारी बाजूंनी लोखंड होतं. आमच्याकडे पहाटे चारला बाया तेंदूपान तोडायला निघतात. 70 पानांचा एक पुडा. वाकून वाकून पानं तोडायची, म्हणजे वाघाला माणूस माणसासारखा दिसतच नाही. 10 मे 2025 ला आमच्या तालुक्यात एकाच दिवशी तीन बाया गेल्या. एकाच वाघिणीने, एकाच जंगलात. माझी मावशी त्या हंगामात पुन्हा पानाला गेली नाही. तिच्या घरी त्या वर्षी पोरीच्या कॉलेजचे पैसे भरायचे होते.

मृताच्या घरच्यांना सरकार 25 लाख देतं. ते मिळायला हवेतच. पण मी बोलतेय ते दुसऱ्या गोष्टीबद्दल. मोहर्ली, कोलारा ही ताडोब्याच्या गेटची गावं. तिथे जिप्स्या आल्या, होमस्टे आले, पोरं-पोरी गाइड झाल्या, चांगलं झालं. आमच्याकडे ब्रह्मपुरी वनविभाग आहे. वाघ भरपूर, पण व्याघ्रप्रकल्प नाही. म्हणून गेट नाही, तिकीट नाही, त्यातला वाटा नाही. त्याच वाघाचे बछडे मोठे होऊन आमच्या शेताच्या धुऱ्यावर येतात. तुमच्या सहलीच्या तिकिटातला एक रुपया तरी आमच्या गावाच्या कुंपणाला, संडासाला, गॅसला लागतो का? वाघाला घेरू नका म्हणता, बरोबर आहे. आम्हालाही कुणी मोजावं.

सागवान:
तेंदूपानताई, तुमच्या बोलण्यावर माझ्याकडे उत्तर नाही. माझा मोठा भाऊ गुराखी होता, त्याच्या पायावर अजून खुणा आहेत. गाइडचं काम लागलं म्हणून आमच्या घरातलं कुणी आता सरपणाला आत जात नाही. ही पाळी तुमच्या गावालाही मिळावी असंच मला वाटतं.

पाणवठाताई, बक्षिशीचं म्हणालात ते शंभर टक्के खरं. वाघ दिसला तर पाचशेची नोट, नाही दिसला तर नुसता हात हलवायचा. मी एका कुटुंबाला ढोलांचा, म्हणजे रानकुत्र्यांचा अख्खा कळप दाखवला, चितळाच्या मागे धावताना. नवरंग पक्षी दाखवला. तलावाच्या काठावर मगर तोंड उघडून पडली होती, ती दाखवली. गेटवर उतरताना ते म्हणाले, 'काहीच दिसलं नाही'. त्या दिवशी घरी जेवण गेलं नाही.

नकाशा:
तेंदूपान, तुमचा मुद्दा धोरणाच्या मुळाशी जातो. 2022 च्या गणनेत देशात सरासरी अंदाज 3682 वाघांचा आला, त्यातले महाराष्ट्रात 444. यातले बरेच राखीव क्षेत्राच्या बाहेर हिंडतात आणि पैसा मात्र गेटच्या आत जमा होतो. बफरच्या, म्हणजे कोअरभोवतीच्या पट्ट्यातल्या गावांसाठी 'जन-वन विकास योजना' आहे, त्यातून गॅस आणि कुंपणाची कामं झाली आहेत. व्याघ्रप्रकल्पाबाहेरच्या प्रादेशिक जंगलाला लागून असलेल्या प्रत्येक गावाला तसाच हक्काचा हिस्सा मिळायला हवा. पर्यटनाच्या बाजूने बोलणाऱ्या माझ्यासारख्यांनी ही मागणी आधी करायला हवी होती.

रानवाट:
एवढं सगळं वाचूनही माझं मत मूळ पोस्टच्या बाजूनेच आहे, थोडं वेगळ्या कारणाने. रात्रभर जागा असलेला चालक, पहाटेचा महामार्ग, दिवसभर ऊन आणि पुन्हा रात्री दीडशे किलोमीटर. आमच्या सहलीत परतीच्या वाटेवर ड्रायव्हरचा डोळा लागला, गाडी दुभाजकाला घासली, थोडक्यात वाचलो. रात्री त्या रस्त्यांवर रानडुकरं आणि चितळंही असतात. निदान एक रात्र तिकडे, गावातल्या साध्या होमस्टेत काढा. रिसॉर्टच लागतं असं नाही, आणि तो पैसा सरळ गावातल्या घरात जातो.

आईचा_हात:
रानवाट, होमस्टेचा विचार केला नव्हता. आईला जिना नको, बाकी काही चालेल. सागवानभाऊ, पुन्हा यायचं म्हटलं तर केव्हा यावं? तिला फार हादरे सोसवत नाहीत.

सागवान:
मावशींना घेऊन फेब्रुवारीत या. थंडी ओसरलेली असते, पळस फुललेला असतो आणि उन्हाचा त्रास नसतो. मंगळवारी ताडोबा बंद असतो, तो वार टाळा. शनिवार-रविवार सोडून एखाद्या सणाची सुट्टी मिळाली तर बघा. कोअर नाही मिळालं तर बफर घ्या, तिथेही वाघ आहेत. बुकिंग करताना जे ओळखपत्र द्याल तेच मूळ गेटवर लागतं, विसरू नका. गाडीत बसल्या बसल्या ड्रायव्हरला आणि गाइडला सांगा की बक्षिशी ठरलेली आहे, वाघ दिसो न दिसो. एवढं एक वाक्य ऐकलं की आमचा जीव हलका होतो.

पाणवठाताई, तुम्ही मात्र मे महिन्यातच परत या. एखाद्या पाणवठ्यावर लवकर जाऊ, गाडी शंभर फूट मागे झाडाखाली लावू, इंजिन बंद. वाघ पाण्यात बसायला उलटा उतरतो, आधी शेपूट, मग मागचे पाय, मग सगळा. पाठ पाण्याकडे आणि तोंड आपल्याकडे. गाड्या अंगावर नसल्या की तो तसाच तासभर बसून राहतो. पंधरा मिनिटं झाली की मी गाडी काढीन, तेव्हा मात्र थांबा म्हणू नका.