मदत हवी आहे: सोनोग्राफी 'नॉर्मल', पण जठर दिसलंच नाही असं लिहिलंय, शिवाय आभामध्ये जुने रिपोर्ट दिसत नाहीत

वारणाकाठ

नमस्कार मंडळी. प्रश्न दोन आहेत, पण एकाच माणसाचे, म्हणून एकाच धाग्यात विचारतोय. विभाग चुकला असेल तर संपादकांनी हलवावा.

वडील (अण्णा), वय 61, सांगली जिल्ह्यात गावी असतात. शेती आणि चार म्हशी. मी पुण्यात. त्यांचे थोरले भाऊ, म्हणजे माझे थोरले काका, जठराच्या कॅन्सरने गेले. कळलं तेव्हा लिव्हरपर्यंत पोचला होता. तेव्हापासून आमच्याकडे कुणाचं पोट जरा दुखलं की घर गप्प होतं.

मध्यंतरी तालुक्याला एका मंडळाने कॅन्सर तपासणी शिबिर भरवलं. रक्त, रक्तदाब आणि सवलतीत 'संपूर्ण पोटाची सोनोग्राफी'. पत्रकावर चक्क 'जठर, लिव्हर, स्वादुपिंड यांच्या कॅन्सरची तपासणी' असं छापलेलं. आई मागे लागली म्हणून अण्णा गेले. (सोनोग्राफी मंडपात नाही, शेजारच्या सेंटरवर कूपन दाखवून.) रिपोर्ट घेऊन आले ते "काही निघालं नाही" हे गावभर सांगतच.

मी तो व्हॉट्सअॅपवर मागवला. खाली ठळक अक्षरांत 'इम्प्रेशन: ग्रेड वन फॅटी लिव्हर. नो अदर सिग्निफिकंट अॅबनॉर्मॅलिटी.' पण वर बारीक टायपात: 'स्टमक कोलॅप्स्ड, नॉट ऑप्टिमली असेस्ड. टेल ऑफ पॅनक्रियाज ऑब्स्क्युअर्ड बाय बॉवेल गॅस.' (जठर चोपलेलं, नीट तपासता आलं नाही; स्वादुपिंडाचं शेपूट आतड्यातल्या हवेमुळे झाकलेलं.) म्हणजे ज्यासाठी गेले तेच दिसलं नाही, असाच अर्थ ना?

लक्षणं म्हणाल तर अॅसिडिटी खूप वर्षांची. मेडिकलमधून पॅन्टोप्राझोल आणून घेतात, डॉक्टरांनी कधी लिहून दिलं होतं ते कुणाला आठवत नाही. अलीकडे दोन भाकरी खाणारा माणूस एकीवर उठतो. विचारलं तर "वय झालं". वजन कुणी केलेलं नाही, पण घड्याळ मनगटावर फिरतंय हे मला दिवाळीत दिसलं होतं.

दुसरा प्रश्न. ग्रामीण रुग्णालयात केसपेपरच्या खिडकीवरचा क्यूआर स्कॅन करताना अण्णांचं आभा कार्ड (सरकारचं डिजिटल आरोग्य-ओळखपत्र) निघालं. माझी समजूत अशी की या नंबरावर त्यांचे सगळे रिपोर्ट येतील. अॅपमध्ये त्या एका ओपीडीची नोंद सोडून काही नाही. हर्नियाचं ऑपरेशन मिरजेला झालं, रक्ताच्या तपासण्या तालुक्याच्या लॅबमध्ये, आता हे शिबिर. यातलं काहीच का दिसत नाही? पोटाच्या डॉक्टरांकडे न्यायचं तर सगळं एकत्र कसं न्यायचं?

जाणकारांनी मार्गदर्शन करावं. 'गुगल करा' सोडून काहीही चालेल.

---

उगाच_एक

काळजी करू नका. माझे सासरे दरवर्षी सोनोग्राफी करतात, 78 पूर्ण, ठणठणीत. गॅसमुळे नीट दिसलं नसेल तर जिरं-ओवा देऊन परत करून घ्या.

---

तिरफळ

मी पोटविकारांचाच डॉक्टर आहे, कोकणात प्रॅक्टिस. इथून निदान करत नाही, पण काही गोष्टी आत्ताच सांगायला हव्यात.

जिरं-ओवा देऊन परत सोनोग्राफी: नको. हवेला लागली की सोनोग्राफीची लहर तिथूनच परत फिरते. जठर आणि आतड्यात हवा असणारच, आणि उपाशीपोटी जठर चोपलेलं असतं. बाजूचं लिव्हर, पित्ताशय, किडनी छान दिसतात, कारण ती भरीव किंवा पाण्याने भरलेली असतात. जठराची भिंत कधीकधी दिसते, अगदी पाच थरही मोजता येतात, आणि ती 5 मिलिमीटरच्या वर जाड वाटली तर आम्ही कान टवकारतो. पण ते नशिबाने दिसणं झालं. सुरुवातीचा कॅन्सर आतल्या अस्तरात, फार तर त्याच्या खालच्या थरात असतो. तो पोटावरून फिरवलेल्या प्रोबला सापडत नाही. आमच्याकडे सोनोग्राफीवर जठराचा कॅन्सर 'सापडून' येतो तो बहुधा लिव्हरवर गाठी किंवा पोटात पाणी घेऊन. तुमच्या काकांचं तसंच झालं असणार.

चीनमध्ये काही रुग्णालयांत दाटसर पेय पाजून जठर भरतात, हवा बाजूला सारतात आणि मग सोनोग्राफी करतात. कल्पना वाईट नाही, दुर्बिणीला (एंडोस्कोपी, कॅमेऱ्याची नळी आत घालून बघणं) घाबरणाऱ्यांसाठी तर बरीच. पण संशयास्पद काही दिसलं तरी तुकडा काढायला दुर्बीण घालावीच लागते, आणि आपल्याकडे ही पद्धत रुळलेली नाही. एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंड हे आणखी निराळं. त्यात प्रोब दुर्बिणीच्या टोकाला असतो आणि आजार किती खोल गेलाय ते बघायला वापरतात. पत्रक छापणाऱ्यांनी हे सगळं एकाच पिशवीत भरलंय.

रेडिओलॉजिस्टने प्रामाणिकपणे लिहिलंय बरं का. दिसलं नाही ते 'दिसलं नाही' म्हणाले. घोळ पत्रकात आणि ठळक अक्षरांत आहे.

आता माझे प्रश्न: हिमोग्लोबिन किती? आधीचे आकडे आहेत का? शौचाला काळं होतं का?

---

वारणाकाठ

धन्यवाद डॉक्टर. आईला सगळ्या पिशव्या उपसायला लावल्या. हर्नियाच्या आधी, 2022 मध्ये, 14.1. मग 2024 मध्ये तालुक्याच्या लॅबमध्ये 12.6. शिबिरात 10.9, त्यात एमसीव्ही 71 लिहिलंय. शिबिरातल्या डॉक्टरांनी "रक्त जरा कमी आहे" म्हणून लोहाच्या गोळ्या दिल्या. शौच काळी होतेय म्हणतात, पण ती गोळ्यांमुळे असते ना?

---

तिरफळ

गोळ्यांमुळे होते, खरंय. म्हणून नेमकं विचारा: गोळ्या सुरू व्हायच्या आधी कधी डांबरासारखी, चिकट, वास मारणारी झाली होती का?

10.9 हा आकडा एकटा बघितला तर गावाकडे कुणी दचकत नाही. 14.1, 12.6, 10.9 असे ओळीने बघितले की दचकायला होतं. एमसीव्ही 71 म्हणजे रक्तपेशी लहान झाल्यात, लोह कमी पडत असावं. पुरुष, वय 61, लोह कमी, जेवण कमी, सख्खा भाऊ जठराच्या कॅन्सरने गेलेला. याला आता स्क्रीनिंग म्हणत नाहीत, निदानासाठीच्या तपासण्या म्हणतात. वरून आणि खालून, दोन्ही दुर्बिणी करायच्या, कारण रक्त मोठ्या आतड्यातूनही जात असू शकतं. पुढच्या महिन्यात नाही, या आठवड्यात नंबर लावा. मिरज तुम्हाला जवळ आहे, सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही तिथेच आहे.

कॅन्सरच असेल असं मी म्हणत नाही. अल्सर असू शकतो, मूळव्याध असू शकते, आणखी बरंच काही. हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूची तपासणीही त्याच वेळी होईल. 1994 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्याला पहिल्या गटातला कर्करोगकारक ठरवलं, आणि आपल्याकडे तो मुबलक आहे. पॅन्टोप्राझोल चालू असेल तर ही तपासणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते, साधारण दोन आठवडे बंद ठेवतात. पण परस्पर बंद करू नका, त्यासाठी दुर्बीण पुढेही ढकलू नका. डॉक्टरांना फक्त सांगा की चालू आहे. लोहाच्या गोळ्याही खालच्या दुर्बिणीआधी काही दिवस थांबवायला सांगतील.

वरच्या दुर्बिणीला अण्णा घाबरत असतील तर सांगा, घशात बधिर करायचा फवारा मारतात, पाच-दहा मिनिटांचं काम. गुंगीचं इंजेक्शनही मिळतं.

---

अर्धविराम

आभाबद्दल मी सांगतो. हॉस्पिटलच्या सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, पोटापाण्याचा धंदाच हा.

आभाचा 14 अंकी क्रमांक ही फक्त ओळख आहे. आयुष्मान भारत डिजिटल मिशन देशभर सुरू झालं 27 सप्टेंबर 2021 ला, आणि त्याची रचनाच अशी आहे की दिल्लीत कुठे तुमच्या रिपोर्टांचं कपाट नाही. रिपोर्ट जिथे तयार झाला तिथेच राहतो. त्या लॅबचं सॉफ्टवेअर मिशनला जोडलेलं असेल आणि त्यांनी तो अण्णांच्या आभाला लिंक केला असेल, तरच अॅपला दिसतो. तालुक्याची लॅब बहुधा जोडलेलीच नाही. मिरजेचं हॉस्पिटल जोडलेलं असेल तर अॅपमध्ये त्याचं नाव शोधून बघा. ओटीपी येईल. 2022 मध्ये तिथे तुमचा मोबाइल नंबर दिला होता की अण्णांचा, हे आठवून ठेवा. निम्म्या केसेस तिथेच अडकतात. जन्मसाल आधारवर एक आणि केसपेपरवर अंदाजाने एक, हे दुसरं कारण.

बरं, लिंक झालं तरी काय येतं ते बघा. कागदावर आपली मानकं उत्तम आहेत. इलेक्ट्रॉनिक आरोग्य नोंदींची मानकं 2013 मध्ये आली, 2016 मध्ये सुधारली. आजार आणि तपासण्यांच्या नावांसाठी स्नोमेड सीटी आहे, भारत 2014 पासून सदस्य असल्याने वापरायला पैसे पडत नाहीत. माहिती पाठवायचा साचा फायर. तो भारतासाठी बेतून देणारं राष्ट्रीय केंद्र तर आपल्या पुण्यातच आहे, सी-डॅकमध्ये. प्रत्यक्षात मात्र बऱ्याच ठिकाणांहून पीडीएफच येते, नुसती पाकिटात घालून पाठवलेली. माणूस ती वाचू शकतो, पण संगणकाला त्यातून 14.1, 12.6, 10.9 अशी ओळ लावता येत नाही. एक लॅब 'एचबी' लिहिते, दुसरी 'हिमोग्लोबिन', तिसरी 'एचबी परसेंट', आणि आकडा तिन्हीकडे ग्रॅमचाच. या तिघांना एकच कोड आहे, लॉइंक या तपासण्यांच्या कोडयादीतला 718-7. तो लावला असता तर शिबिरातल्या डॉक्टरांच्या स्क्रीनवर उतरता आलेख दिसला असता. लावायला कुणी सांगत नाही आणि लावला म्हणून लॅबला चार पैसे जास्त मिळत नाहीत.

अण्णांच्या सोनोग्राफीवरून आणखी एक. फायरमध्ये 'हे का नोंदवता आलं नाही' हे सांगायला वेगळा रकाना आहे, डेटा अॅबसेंट रीझन नावाचा. 'जठर: बघता आलं नाही' हे तिथे बसतं. मी आजवर पाहिलेल्या सेंटरांच्या सॉफ्टवेअरमध्ये तो भरलेला पाहिला नाही. बहुतेक ठिकाणी फक्त इम्प्रेशनची ओळ पुढे जाते. म्हणजे उद्या सगळं जोडलं गेलं तरी पुढच्या डॉक्टरला 'पोटाची सोनोग्राफी, नॉर्मल' एवढंच दिसण्याची शक्यता आहे. म्हणून त्या रिपोर्टचा पूर्ण कागद न्या, सारांश नको.

आत्ता करायचं काम साधं आहे. सगळे कागद नीट उजेडात स्कॅन करून अण्णांच्या आभा अॅपमध्ये स्वतः चढवा. आणि एका कागदावर हाताने तक्ता काढा: तारीख, लॅब, हिमोग्लोबिन, एमसीव्ही, वजन, चालू गोळ्या. डॉक्टर तोच आधी वाचतील, पैज लावतो.

---

योकोहामाकर

तिरफळ यांना अनुमोदन. जपानात बरीच वर्षं काढली, इथे जठराची तपासणी हा राष्ट्रीय कार्यक्रमच आहे, 1983 पासून कायद्याने. पण सोनोग्राफीने नाही, बेरियमने. सोसायटीच्या आवारात एक्स-रेची बस येते. आधी फसफसणारी पूड देतात आणि बजावतात की ढेकर द्यायचा नाही. मग पांढरं बेरियम पिऊन फिरत्या टेबलावर उलटं-पालटं व्हायचं. माझ्या पहिल्या वेळी ढेकर गेलाच, बाई पुन्हा पुडी घेऊन हजर. 2016 पासून दुर्बिणीचा पर्याय अधिकृत झाला, पन्नाशीपुढे दोन वर्षांतून एकदा. कोरियात चाळिशीपासून, तेही दोन वर्षांनी. पोटाची सोनोग्राफी इथल्या हेल्थ चेकअपमध्ये असते, पण जठराचा रकाना दुर्बीण किंवा बेरियमखालीच असतो.

---

उगाच_एक

मग आपल्याकडे सरकार असं का करत नाही? शिबिरवाल्यांना तरी कशाला नावं ठेवायची?

---

तिरफळ

कारण प्रमाण. जपान-कोरियात हा आजार फार. आपल्याकडे मिझोराममध्ये, ऐझॉलकडे, तसाच जास्त आहे. महाराष्ट्रात त्या मानाने कमी. सगळ्यांना दुर्बीण घालून फायद्यापेक्षा खर्च आणि त्रास जास्त होईल. म्हणून सरकारी तपासणीत तिशीपुढे तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख हे तीनच कॅन्सर आहेत. शिबिरात खरंच काही करायचं होतं तर तंबाखू खाणाऱ्यांची तोंडं उघडून बघायची. टॉर्च आणि हातमोजे पुरतात.

पण ज्याच्या घरात आई, वडील किंवा सख्खं भावंड या आजाराने गेलंय, त्याने लक्षणं नसली तरी पोटविकारतज्ज्ञाशी एकदा बोलून पायलोरीची तपासणी करून घ्यावी. काकांची मुलं आहेत ना? त्यांनाही सांगा.

---

वारणाकाठ

सगळ्यांचे आभार. अपडेट: मंगळवारी सकाळी मिरजेला दोन्ही दुर्बिणी ठरल्यात. वजन केलं, 58. हर्नियाच्या डिस्चार्ज कार्डावर 66 आहे. गोळ्यांच्या आधीही एक-दोनदा काळं झालं होतं, असं आईने हळूच सांगितलं. अण्णा मान्य करत नाहीत.

अर्धविराम, मिरजेचं हॉस्पिटल अॅपमध्ये सापडलं. ओटीपी माझ्या बंद पडलेल्या नंबरावर जातोय. तक्ता हाताने काढला. चुलतभावांना फोन केला, थोरला तयार आहे, धाकटा म्हणतो शिबिरात सोनोग्राफी केलीय.

शेवटचा प्रश्न: तुकडा काढला तर रिपोर्टशिवाय आणखी काही मागून घ्यायचं असतं का?

---

तिरफळ

हो. रिपोर्ट आला की पॅथॉलॉजी लॅबचं नाव आणि बायोप्सी क्रमांक लिहून घ्या. पुढे दुसरं मत लागलं तर त्याच क्रमांकावर मेणाचा ब्लॉक (मेणात जपलेला तुकडा) आणि स्लाइड मिळतात. दुर्बिणीच्या रिपोर्टवर फोटो छापतात, ते रंगीत मागा. धाकट्या चुलतभावाला हा धागा पाठवा.

---

अर्धविराम

नंबर बदलायला त्या हॉस्पिटलच्या नोंदणी खिडकीवर अण्णांचं आधार घेऊन जावं लागेल, घरबसल्या होत नाही. मंगळवारी तिथे असालच, दुर्बिणीचा नंबर लागेपर्यंत उरकून घ्या.