बुलडोझर मंचावर आणला, तर त्याला संगीत म्हणावे का?

धागाकर्ता:
नॉइज संगीत, म्हणजे गोंगाट आणि खरखर यांनाच सामग्री मानणारे संगीत, मी आवडीने ऐकतो, म्हणूनच हा प्रश्न मांडतो आहे. ४ ऑगस्ट १९८५ रोजी टोकियोच्या सुपरलॉफ्टमध्ये ओसाकाच्या ‘हानाताराश’ या नॉइज गटाचा कार्यक्रम झाला. इजा झाल्यास आयोजकांना जबाबदार धरणार नाही, अशा कागदावर प्रेक्षकांच्या आधीच सह्या घेतल्या होत्या. गटाचा यामात्सुका आय बुलडोझरसारखे खोदकामाचे यंत्र चालवत भिंत फोडून आत शिरला आणि पेट्रोल बॉम्ब फेकण्याच्या बेतात असताना त्याला आवरावे लागले. माझ्या मते ही कला नव्हे. इटालियन कलावंत लुइजी रुसोलोने १९१३ मध्ये गोंगाटाची बाजू नुसती मांडली नाही. हँडल फिरवले की भोंग्यातून घरघर आणि कडकडाट काढणाऱ्या लाकडी पेट्या बांधल्या, आणि आवाज चढवता-उतरवता यावा म्हणून आतली तार ताणणारी तरफही बसवली. ती मेहनत येथे कुठे दिसते?

प्रतिसाद १:
साफ असहमत. त्याच पेट्या १९१४ मध्ये मिलानच्या दाल व्हेर्मे नाट्यगृहात वाजल्या, तेव्हाही हाणामारी झालीच होती. काच फुटल्याचा आवाज ध्वनिमुद्रणात ऐकणे वेगळे आणि ती आपल्यापासून चार हातांवर फुटणे वेगळे. दुसऱ्या प्रसंगी सगळे अंग कान होते, बसल्या जागेवरून निवांत रसग्रहण करण्याची सोयच उरत नाही, आणि ती सोय काढून घेणे हीच त्या प्रयोगाची रचना होती. सही करणाऱ्याने ती समजून-उमजून केली होती.

प्रतिसाद २:
निवांत ऐकण्याची सोय काढून घेण्यासाठी कोणाचा जीव टांगणीला लावावा लागत नाही, हे जपानी नॉइज संगीतकार मासामी आकिता १९७९ पासून ‘मर्झबो’ या नावाने दाखवत आला आहे. हे नाव त्याने जर्मन कलावंत कुर्ट श्विटर्सच्या हानोफरमधील ‘मेर्ट्सबाऊ’ या घरभर वाढत गेलेल्या रचनेवरून घेतले. हेडफोन लावून ऐकताना पहिली काही मिनिटे सलग खरखरच वाटते. मग हळूहळू थर सुटे होतात, तळाशी एक संथ घरघर सापडते आणि कान तिला धरून बसतो. हे आपल्याला परकेही नाही. तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती धागा सरकवून जवारी लावताना आपण स्वच्छ तारेत मुद्दाम झणझणाटच आणतो.

प्रतिसाद १ (पुन्हा):
जवारीचा दाखला येथे लागू पडत नाही. जवारीमुळे तारेच्या मूळ स्वराच्या पटीतले स्वयंभू स्वर उजळतात, म्हणून तर खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. मर्झबोच्या खरखरीला असा आधारस्वर नाही, आणि तोच तिचा खरेपणा आहे. तिला तंबोऱ्याच्या पंक्तीत बसवून सोज्वळ करू नये.

धागाकर्ता:
जवारीबद्दलची दुरुस्ती मान्य आहे. सहीबद्दल मात्र माझे मत बदललेले नाही. प्रेक्षकाने सही केली ती स्वतःपुरती. सभागृहातील कामगारांच्या आणि शेजारपाजारच्यांच्या वतीने पेट्रोलच्या बाटलीला होकार देण्याचा अधिकार त्याला कोणी दिला नव्हता.